तारीख नसलेली मुदत

डिसेंबर जवळ आला की वसईपासून नगरपर्यंत आणि पणजीपासून नागपूरपर्यंत चर्चच्या आवारात लगबग सुरू होते. गव्हाणीसाठी गवत आणायचे, दारावर चांदणी टांगायची, घरोघरी करंज्या आणि केकची तयारी. नाताळ म्हणजे बाळ येशूचा जन्म, एवढे शेजारपाजारच्या हिंदू-मुसलमान घरांतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण नाताळापूर्वीचे जे चार रविवार, ज्यांना आगमनकाळ म्हणतात, त्यांतल्या पहिल्या रविवारी अनेक चर्चमध्ये जो पाठ वाचला जातो, तो पाळण्याचा नसतो. तो जगाच्या शेवटाचा असतो. एकदा आलेला पुन्हा येणार आहे, जिवंतांचा आणि मेलेल्यांचा न्याय करणार आहे, म्हणून जागे राहा, असे त्या दिवशी सांगितले जाते. नवे कपडे घालून आलेली मुले चुळबुळ करतात, मोठी माणसे घड्याळाकडे पाहतात, आणि पाठ संपतो.

या शिकवणीविषयी आज लिहावेसे वाटते, याचे कारण तिच्यामुळे होणारी घालमेल मी जवळून पाहिली आहे. मी काही धर्मशास्त्राचा पंडित नव्हे. तीन पिढ्यांच्या मराठी ख्रिस्ती घरात वाढलो, अडतीस वर्षे बँकेत काढली, उरलेल्या वेळात कादंबऱ्या लिहिल्या. या काळात मला दोन प्रकारची माणसे भेटत आली. एक, ज्यांना शेवटाची तारीख ठाऊक आहे. दुसरी, ज्यांना हे सारे ऐकून हसू येते. पहिल्यांकडे नम्रता नाही आणि दुसऱ्यांकडे धीर नाही, असे माझे मत आहे. पहिल्यांचा उपद्रव अधिक, म्हणून आधी त्यांच्याकडे वळू.

मूळ प्रसंग काय आहे? यरुशलेमजवळच्या जैतुनांच्या डोंगरावर येशू बसला आहे. शिष्य त्याला एकांतात गाठून विचारतात, हे केव्हा होणार आणि त्याची खूण काय? माणसाला पडणारा हा अगदी साधा प्रश्न. उत्तरात येशू लढाया, दुष्काळ आणि भूकंप यांची नावे घेतो. पण लगेच बजावतो, की हा शेवट नव्हे, या तर वेणांची नुसती सुरुवात आहे. आणि मग मार्कच्या शुभवर्तमानाच्या तेराव्या अध्यायात तो म्हणतो, की तो दिवस आणि ती घटका कोणालाच ठाऊक नाही. देवदूतांना नाही, पुत्रालाही नाही, फक्त पित्याला आहे. ख्रिस्ती शास्त्रातले इतके नम्र बोलणे मला दुसरे आठवत नाही. ज्याच्या येण्याविषयी सारी चर्चा, तोच सांगतो की मला तारीख ठाऊक नाही! मग व्यासपीठावरून तारीख जाहीर करणारा उपदेशक ख्रिस्तापेक्षा अधिक माहिती असल्याचा दावा करीत असतो, हे त्याच्या श्रोत्यांच्या ध्यानात कसे येत नाही?

येत नाही, हे इतिहासच सांगतो. अमेरिकेत न्यूयॉर्क राज्यात विल्यम मिलर नावाचा एक शेतकरी होता. माणूस प्रामाणिक, अभ्यासू. दानीएलच्या ग्रंथात २३०० दिवसांचा उल्लेख आहे. मिलरने एका दिवसाला एक वर्ष धरले, ख्रिस्तपूर्व ४५७ पासून मोजायला सुरुवात केली आणि १८४३ च्या सुमारास ख्रिस्त येणार असे काढले. ते वर्ष उलटले. मग ध्यानात आले, की ख्रिस्तपूर्व एक आणि इसवी सन एक यांच्यामध्ये शून्य नावाचे वर्षच नाही. तेव्हा हिशोब एका वर्षाने पुढे सरकला. अखेर त्याच्या अनुयायांपैकी एकाने २२ ऑक्टोबर १८४४ ही तारीख काढली आणि हजारो लोक त्या दिवसाकडे डोळे लावून बसले. काहींनी शेतातले पीकही काढले नाही. रात्र सरली, २३ तारखेची सकाळ झाली. अमेरिकेच्या इतिहासात त्या दिवसाला ‘महानिराशा’ म्हणतात. लोक ओक्साबोक्शी रडले. मिलर १८४९ मध्ये वारला, तोवर त्याची आशा तुटली नाही. पण ज्यांची तुटली, ते कायमचे तुटले.

ही फार जुनी गोष्ट झाली असे कोणी म्हणेल. पण २०११ साली कॅलिफोर्नियातले हॅरॉल्ड कॅम्पिंग या वृद्ध रेडिओ-उपदेशकांनी २१ मे ही तारीख दिली होती, आणि ती टळल्यावर २१ ऑक्टोबर दिली होती. शहराशहरांत फलक लागले. न्यूयॉर्कमधल्या एका निवृत्त कर्मचाऱ्याने तर आयुष्यभराच्या पुंजीतले एक लाख चाळीस हजार डॉलर या जाहिरातींवर खर्च केले. दोन्ही तारखा गेल्या. पुढच्या वर्षी कॅम्पिंग यांनी तारीख सांगणे चुकीचे होते असे कबूल केले. पण खर्च झालेले पैसे काही परत येत नाहीत. दक्षिण कोरियातली हकीकत याहून बोलकी आहे. तिथे एका पंथाच्या प्रमुखाने २८ ऑक्टोबर १९९२ ही तारीख सांगितली. लोकांनी नोकऱ्या सोडल्या, घरे विकली, दाने दिली. पोलिसांनी चौकशी केली तेव्हा असे निघाले, की स्वतः प्रमुखाने जे रोखे घेऊन ठेवले होते, त्यांची मुदत संपणार होती त्या तारखेच्या नंतर! फसवणुकीबद्दल त्याला शिक्षा झाली. बँकेतला माणूस म्हणून मला वाटते, की अशा उपदेशकाचे प्रवचन ऐकण्याआधी त्याच्या ठेवींची मुदत पाहावी.

हे वेड एकट्या ख्रिस्ती लोकांचे आहे असे मात्र कोणी समजू नये. फेब्रुवारी १९६२ मध्ये आठ ग्रह एका राशीत आले, तेव्हा देशभर यज्ञ झाले, शांती झाल्या. घरातली वडीलधारी माणसे त्या दिवसांची गोष्ट अजून सांगत असत. ११ जुलै १९७९ ला ‘स्कायलॅब’ कोसळली, तेव्हा मी सतरा वर्षांचा होतो. आता मरायचेच आहे तर खाऊनपिऊन मरू, म्हणून आमच्या भागात बोकड कापले गेले. स्कायलॅबचे तुकडे पडले ऑस्ट्रेलियात आणि समुद्रात; बोकड मात्र इकडे हकनाक गेले. भीतीला धर्म नसतो. तिला फक्त एक तारीख लागते.

या भीतीची किंमत कोण चुकवतो, ते मी १९९९ च्या नोव्हेंबरात पाहिले. तेव्हा मी एका तालुक्याच्या गावी शाखाधिकारी होतो. संगणकांना सन २००० वाचता येणार नाही अशी चर्चा वर्तमानपत्रांत रोज चालू होती. एक दिवस मिशन हॉस्पिटलमधून निवृत्त झालेल्या एक सिस्टर माझ्या टेबलासमोर येऊन बसल्या. “सलाम साहेब,” म्हणाल्या, “माझी मुदत ठेव मोडून द्या.” मुदत पुरी व्हायला दोन वर्षे बाकी होती. कारण विचारले, तर म्हणाल्या, बाहेरगावचे एक पाळकसाहेब सभा घ्यायला आले होते. नव्या वर्षात पैशाला किंमत उरणार नाही, जे आहे ते आत्ताच प्रभूच्या कामाला द्या, असे त्यांनी सांगितले आहे.

पैसे त्यांचे होते. नाही म्हणण्याचा मला अधिकार नव्हता. मी त्यांना मुदतीपूर्वी ठेव मोडल्यास व्याज किती कमी होईल ते कागदावर मांडून दाखवले. ठेवीवर कर्ज घेण्याची सोय असते, तीही समजावली. म्हणजे दान देता येईल आणि ठेवही शाबूत राहील. त्या कागदाकडे पाहत राहिल्या. मग म्हणाल्या, “पण साहेब, तो खरंच आला तर?” मी म्हटले, “सिस्टर, तो आला तर बँक तुमच्याकडे हप्ते मागायला येणार नाही.” त्या मनापासून हसल्या. त्यांनी थोडे कर्ज घेतले, ते दान दिले, बाकीची ठेव राहू दिली.

पण माझ्या ध्यानात राहिले ते त्यांचे हसणे नव्हे. त्या घाबरलेल्या नव्हत्या. त्यांचा एकुलता मुलगा विशीत गेला होता, आणि त्याला पुन्हा पाहायला मिळणार या विचाराने त्यांच्या चेहऱ्यावर मुलाच्या सुट्टीची वाट पाहणाऱ्या आईची उत्सुकता होती. त्यांची आशा खरी होती. चूक होती ती त्या आशेला तारीख चिकटवून तिच्यावर वर्गणी गोळा करणाऱ्याची. हा भेद आपण केला नाही, तर फसवणाऱ्याबरोबर फसलेल्या माणसाचाही उपहास करतो आणि ते पाप आपल्याला दिसतही नाही.

शेवट जवळ आहे म्हणून हातपाय गाळून बसणारे पहिल्या शतकातही होते. थेस्सलनीका इथल्या मंडळीतल्या काहींनी कामधंदा सोडला होता. तंबू शिवून पोट भरणाऱ्या पौलाने त्यांना पत्रातून खडसावले, की ज्याला काम करायचे नाही त्याने जेवूही नये. ख्रिस्ताच्या येण्यावर पौलाचा विश्वास त्या रिकामटेकड्यांपेक्षा कमी नव्हता; पण त्या विश्वासातून त्याने काढलेला निष्कर्ष वेगळा होता.

येशूनेही तेच केले. ‘केव्हा’ या प्रश्नाला तारखेचे उत्तर न देता मत्तयच्या पंचविसाव्या अध्यायात तो तीन गोष्टी सांगतो. पहिली दहा कुमारिकांची. वराला उशीर होतो. पाच जणींकडे दिव्याचे तेल पुरेसे असते, पाच जणींकडे नसते. दुसरी तीन चाकरांची. धनी परदेशी जाताना त्यांच्याकडे पैसे सोपवतो. दोघे ते वाढवतात, तिसरा भीतीने जमिनीत पुरून ठेवतो. परत आलेला धनी त्याला म्हणतो, की निदान पेढीवाल्याकडे तरी ठेवायचे होतेस, व्याज मिळाले असते. शेवटाच्या शिकवणीत ख्रिस्ताने चक्क मुदत ठेवीची आठवण काढावी, याचा आम्हा बँकवाल्यांना थोडा अभिमान वाटला तर तो क्षम्य मानावा! तिसरी गोष्ट न्यायाची. सिंहासनावर बसलेला राजा लोकांना एवढेच विचारतो, की मी भुकेला होतो, तहानेला होतो, उघडा होतो, आजारी होतो, तुरुंगात होतो, तेव्हा तुम्ही काय केले? तुमचा शेवटाचा तक्ता बरोबर होता का, असा प्रश्न त्या परीक्षेत नाही.

बँकेत तपासनीस येतो तो कळवून येत नाही. सकाळी रोखपाल तिजोरी उघडतो आणि हा दारात उभा. आधी रोकड मोजतो, मग चहा घेतो. त्याच्या येण्याची तारीख काढण्याच्या मागे लागणारे सहकारी मी पाहिले आहेत. दुसऱ्या शाखांना फोन करायचे, कोणाला कुठे पाहिले याची खबर काढायची. आणि दुसरेही पाहिले आहेत, जे रोज संध्याकाळी रोकड आणि वही जुळवल्याशिवाय घरी जात नसत. तपासनीस येवो न येवो, त्यांच्या झोपेत फरक पडत नसे. जागे राहा, याचा अर्थ रात्रभर खिडकीत उभे राहा असा नव्हे. दिवसाचा हिशोब दिवशी जुळवा असा आहे, असे मला वाटते.

आपल्या मातीतले उदाहरण द्यायचे तर पंडिता रमाबाईंचे देता येईल. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला, पुढच्या वर्षी पुण्यात थैमान घातले. त्याच सुमारास मध्य प्रांतात भीषण दुष्काळ पडला. रोगराई आणि उपासमार दोन्ही एकदम! शास्त्रातल्या खुणा जुळवत बसायला याहून अनुकूल काळ कोणता असणार? रमाबाई दुष्काळी मुलखात गेल्या आणि अनाथ मुली व बालविधवा घेऊन आल्या. प्लेगच्या निर्बंधांमुळे पुण्यात त्यांना ठेवता येईना, तेव्हा केडगावच्या माळावर वस्ती केली. विहिरी खणल्या, शेती केली, विणकाम शिकवले, छापखाना घातला. १९०० च्या दुष्काळात गुजरातमधूनही शेकडो मुली आल्या. आणि हे सारे चालू असताना मूळ हिब्रू आणि ग्रीक भाषा शिकून त्यांनी सबंध बायबल साध्या मराठीत आणले. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या गेल्या. ते बायबल १९२४ साली प्रसिद्ध झाले. जग उद्या संपणार असे धरून बसणारा माणूस अशी लांबलचक कामे हाती घेत नाही, आणि जगाला कोणी धनीच नाही असे मानणाऱ्यालाही ती झेपतीलच असे नाही.

आता दुसऱ्या प्रकारच्या माणसांकडे वळू, हसणाऱ्यांकडे. ते म्हणतात, दोन हजार वर्षे झाली, कोणी आले नाही. मग ही शिकवण गुंडाळून का ठेवत नाही? त्यांना माझे एवढेच सांगणे आहे, की ती कोणासाठी लिहिली गेली ते पाहा. ‘प्रकटीकरण’ हा बायबलमधला शेवटचा ग्रंथ पहिल्या शतकात पात्म नावाच्या बेटावर योहानाला झालेल्या दर्शनांचा. वाचणारे कोण, तर रोमी साम्राज्याच्या दहशतीखाली जगणाऱ्या लहान लहान मंडळ्या. त्यातला तो श्वापद आणि त्याचा ६६६ हा आकडा यांवरून पुढे किती जणांना बदनाम केले गेले! अनेक अभ्यासकांच्या मते तो आकडा सम्राट नीरोचा आहे. पण लोकांनी तो नेपोलियनला लावला, हिटलरला लावला, अगदी साबणाच्या वेष्टनावरच्या बारकोडलाही लावला. या गोंधळात ग्रंथाचे शेवटचे पान वाचायचेच राहून जाते. तिथे आग नाही. तिथे एक शहर आहे, ज्याच्या वेशी कधी बंद होत नाहीत; एक नदी आहे, एक झाड आहे ज्याची पाने राष्ट्रांच्या आरोग्यासाठी आहेत; आणि रडणाऱ्यांचे डोळे स्वतः देव पुसतो.

ज्यांना या जगात न्याय मिळाला, त्यांना ही आशा अनावश्यक वाटू शकते. पण ज्याची जमीन खोट्या सहीने गेली, ज्या बाईचा टाहो कोणत्याही कचेरीत नोंदला गेला नाही, जी मुले युद्धात मेली आणि ज्यांची नावेही उरली नाहीत, त्यांचे खाते कायमचे बंद झाले असे मानायला माझे मन तयार नाही. शेवटचा न्याय म्हणजे धमकी नव्हे, कोणाचेही येणे बुडणार नाही याचे ते आश्वासन आहे. हे सिद्ध करता येत नाही, हे मला मान्य आहे. म्हणूनच त्याला विश्वास म्हणतात.

आणि नम्रता? ती आमच्या आपापसातल्या वादांतही हवी. प्रकटीकरणातले हजार वर्षांचे राज्य अक्षरशः घ्यायचे की रूपक म्हणून, ख्रिस्त त्याआधी येणार की नंतर, यावर मोठमोठ्या आचार्यांचे एकमत नाही. विश्वासणारे आधी एकाएकी वर उचलले जातील आणि मग संकटाचा काळ येईल हा जो तक्ता आज अनेक सभांतून दाखवला जातो, तो लोकप्रिय झाला एकोणिसाव्या शतकात, जॉन नेल्सन डार्बी यांच्या शिकवणीतून. चर्चच्या प्राचीन मतांगीकारात तक्ता नाही. तो पुन्हा येईल, न्याय करील, त्याच्या राज्याला अंत नसेल, एवढेच आहे. पूर्वजांनी जेवढे सांगितले त्याहून अधिक ठामपणे बोलण्याची घाई आपण का करावी?

निराशेतूनही माणसे शहाणी होतात. १८४४ च्या निराशेतून सावरलेल्यांपैकी काहींनी १८६३ मध्ये सेव्हंथ-डे अॅडव्हेंटिस्ट हा पंथ स्थापन केला. ख्रिस्ताच्या येण्याची वाट ते आजही पाहतात, पण तारीख ठरवत नाहीत. मधल्या काळात त्यांनी जगभर शाळा आणि रुग्णालये बांधली. पुण्यातली स्पायसर ही शिक्षणसंस्था त्यांचीच. आपल्या घरातली मुले सकाळी दुधात जे कॉर्नफ्लेक्स खातात, ते याच पंथाच्या वातावरणात वाढलेल्या केलॉग बंधूंच्या खटपटीतून आले. जगाचा शेवट पाहायला निघालेल्या लोकांकडून जगाला न्याहारी मिळाली!

मला मात्र सर्वांत जवळचा वाटतो तो एक सरकारी कामकाजातला प्रसंग. १९ मे १७८० रोजी अमेरिकेच्या ईशान्य भागात भर दुपारी अंधार पडला. पुढे कळले, की दूरच्या वणव्यांचा धूर आणि ढग यांनी सूर्य झाकला होता. पण त्या दिवशी लोकांना न्यायाचा दिवसच आला असे वाटले. कनेक्टिकटच्या विधिमंडळात बैठक तहकूब करावी अशी सूचना आली. अब्राहम डेव्हनपोर्ट नावाचे सदस्य उठले. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा, की हा शेवटचा दिवस नसेल तर काम थांबवण्याचे कारण नाही, आणि असेल तर आपण आपले कर्तव्य करताना सापडावे हे बरे. तेव्हा मेणबत्त्या मागवा.

साथ येते, सीमेवर युद्ध भडकते, की मोबाइलवर पुन्हा एखादी तारीख फिरू लागते. आपल्या घरातल्या म्हाताऱ्या माणसांना ती खरी वाटते आणि लहान मुलांची झोप उडते. अशा वेळी त्यांच्यावर ओरडू नका, हसूही नका. त्यांच्या शेजारी बसा, मत्तयचा पंचविसावा अध्याय काढा आणि तो शेवटपर्यंत वाचून दाखवा. ठेवीची पावती कपाटात नीट ठेवा. आणि गल्लीत कोणी उपाशी, आजारी किंवा एकटे असेल, तर संध्याकाळी त्याच्याकडे जाऊन या.